मुलाचे अडखळणे आणि घरातली मोठी माणसे : अनुभवी पालकांचा सल्ला हवा आहे

नमस्कार.

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा असून चौथ्या वर्षापासून तो बोलताना अडखळतो. शब्दाचे पहिले अक्षर तीन-चारदा येते आणि अलीकडे कधी कधी तोंड उघडूनही आवाज फुटत नाही. वाचा-उपचार सुरू आहेत, त्यामुळे औषधे किंवा जिभेचे व्यायाम कृपया सुचवू नयेत. (वेखंड मधात उगाळून चाटवून झाले आहे, सासूबाईंचे तेवढे समाधान झाले.) मला मदत हवी आहे ती घरातल्या मोठ्यांबाबत.

दोन ते पाच या वयात शंभरातील साधारण पाच मुले काही काळ अडखळतात आणि त्यांतील बहुतेकांचे बोलणे पुढे सुरळीत होते. मात्र घराण्यात कोणी तोतरे बोलणारे असेल आणि अडखळणे वर्षाहून अधिक टिकले असेल, तर ते आपोआप जाण्याची शक्यता कमी होते, असे तज्ज्ञांनी सांगितले. माझे यजमान लहानपणी तोतरे बोलत आणि अजूनही फोनवर काही शब्द टाळतात. हे ऐकल्यापासून 'माझ्यामुळेच झाले' हे त्यांनी मनाला लावून घेतले आहे. मुलगा एखाद्या शब्दावर अडकला की ते उठून खोलीबाहेर जातात. 'बाबा माझ्यावर रागावले का?' असे मुलाने मला विचारले. तो राग नव्हे हे मी जाणते, पण त्याला ते कसे कळावे?

सासूबाई मायेपोटी त्याचे वाक्य पुरे करतात. सासऱ्यांचे म्हणणे वेगळे आहे : संध्याकाळी सर्वांबरोबर रामरक्षा म्हणताना तो कुठेही अडत नाही, म्हणजे मनावर घेतले तर त्याला जमते. एकत्र म्हणताना किंवा गाताना अडखळणे नाहीसे होणे हे तोतरेपणात नेहमीच दिसते, त्यात मुलाचा हट्ट किंवा आळस नसतो, हे तज्ज्ञांनी समजावूनही त्यांना पटत नाही. तरी त्यांची मला फारशी काळजी नाही. नातवावर त्यांचा जीव आहे, ते आज ना उद्या ऐकतील.

प्रश्न यजमानांचा आहे. ते उपचारांच्या वेळी सोबत येत नाहीत आणि हा विषय निघाला की गप्प होतात. स्वतः तोतरे बोलणाऱ्या कोणा वडिलांनी आपल्या मुलाशी याविषयी मोकळेपणाने बोलून पाहिले आहे का? इतक्या लहान वयात ते सांगावे का, आणि ऐकून मुलाला धीर आला की उलट भीती वाटली? तसेच मुंबईत वांद्र्याच्या 'अली यावर जंग' या वाचा व श्रवण दोषांवरील राष्ट्रीय संस्थेत मुलाबरोबर पालकांनाही मार्गदर्शन मिळाल्याचा कोणाचा अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.