फायटिंग गेममधल्या पात्रामागचा खरा माणूस तुम्हाला कुठे भेटला? (अनुभव धागा)

इचलकरंजीत आमच्या घराजवळ दोन व्हिडिओ पार्लर होती. एक एसटी स्टँडाच्या मागे, दुसरं पिठाच्या गिरणीला लागून. दोन्हीकडे स्ट्रीट फायटर टू, रुपयाला एक डाव. मी गिरणीशेजारी खेळायचो, आतेभाऊ स्टँडामागे. खेळातल्या बॉक्सरला तो 'बायसन' म्हणायचा आणि मी 'बालरॉग'. पडद्यावर ताकदीच्या पट्टीखाली नाव लिहिलेलंच असायचं, त्यामुळे दोघांनाही आपलंच खरं वाटायचं. एका दिवाळीत यावरून इतकी जुंपली, की आत्याने दोघांना फराळावरून उठवलं.

उलगडा व्हायला पंधरा वर्षं गेली. १९९१ साली जपानमध्ये गेम आला तेव्हा त्या बॉक्सरचं नाव एम. बायसन होतं, म्हणजे माइक बायसन. चेहरा, ठोसा, सगळा अमेरिकन बॉक्सर माइक टायसनच. अमेरिकेत टायसन कोर्टात खेचेल या धास्तीने तिथल्या आवृत्तीत तीन नावं आपसात फिरवली. बॉक्सर झाला बालरॉग, पंजेवाला स्पॅनिश झाला व्हेगा आणि लाल गणवेशातल्या मुख्य खलनायकाला बायसन हे नाव मिळालं. एका पार्लरमध्ये जपानी आवृत्तीचं मशीन होतं, दुसऱ्यात अमेरिकी. वाचल्या वाचल्या आतेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "म्हणजे माझं बरोबर होतं." मी म्हटलं, "माझंही."

तेव्हापासून या पात्रांमागची माणसं शोधायचा मला नाद लागला आहे. तुम्हालाही असा कोणी भेटला असेल तर लिहा. कोण कोणावरून घेतलं याची नुसती यादी नको, तो माणूस तुमच्यापर्यंत कसा पोचला ते सांगा.

कोल्हापूरहून

आमच्या घरात तीन पिढ्यांची कुस्ती. पार्लरमध्ये मी स्ट्रीट फायटरमधला पैलवान झँगीफच घ्यायचो. बाकीचे लांबून आग फेकणार, हा एकटा जवळ जाऊन धरणारा. पण धरणं सोपं नव्हतं. स्टिक पूर्ण गोल फिरवायची आणि त्याच क्षणी पंच दाबायचा. अंगठ्याच्या मुळाशी फोड यायचा. वस्तादांनी तो बघितला आणि कौतुकानं विचारलं, "गदा फिरवतोयस व्हय रं?" मी होय म्हणालो. ते खोटं अजून टोचतं.

झँगीफ खरा होता हे मला लग्नानंतर कळलं. व्हिक्टर झँगीव्ह हा सोव्हिएत मल्ल. तिकडचे हौशी पैलवान १९८९ मध्ये जपानच्या व्यावसायिक कुस्तीत उतरले, त्यांतला हा एक. गेम बनवणाऱ्यांच्या कागदावर या पात्राचं आधीचं नाव 'व्होडका गोबाल्स्की' होतं. बदललं ते फार चांगलं केलं. दारूचं नाव लावलेल्या मल्लाला मला आपला म्हणता आलं नसतं.

पुढे २०१० मध्ये सुपर स्ट्रीट फायटर फोरमध्ये हाकान आला. अंगावर तेल ओतून घेणारा तुर्की पैलवान. मित्र हसले, म्हणाले काहीही दाखवतात. मी हसलो नाही. एदिर्नेजवळ किर्कपिनारची कुस्ती शेकडो वर्षं चालू आहे. चामड्याची विजार घालून अंगभर ऑलिव्हचं तेल चोपडतात, मग पकड बसता बसत नाही. आमच्याकडे तेल मातीत जातं. हळद, ताक, लिंबू आणि कापूर घालून हौद्यातली माती मळतात. त्यांची एक लढत मी मोबाइलवर वस्तादांना दाखवली. आवाज बंद करून त्यांनी ती दोनदा पाहिली. म्हणाले, "मनगट धरून उपयोग नाही इथं. विजारीत हात घातला पाहिजे." ते लोक नेमकं तेच करतात.

न्यू जर्सीहून

माझे आईबाबा साताऱ्याचे, मी इथेच वाढलो. नव्वदच्या दशकात शाळेच्या बसमध्ये मला एकच हाक यायची, 'धालसिम'. स्ट्रीट फायटरमधला लांब हातांचा, आग ओकणारा भारतीय योगी. हात लांब करून माझ्या डोक्यावर टपली मारायची आणि 'योगा फायर' ओरडायचं. सातवी-आठवीची दोन वर्षं मी खिडकीकडे तोंड करून बसलो. त्यामुळे हे पात्र मला कधीच खेळावंसं वाटलं नाही.

कॉलेजात एका मित्राकडे १९७६ चा 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' हा कुंगफू सिनेमा पाहिला. त्यात एका स्पर्धेत भारतीय योगी उतरतो, आणि लढता लढता त्याचे हात दुप्पट लांब होतात. मी उठून उभाच राहिलो. धालसिम तिथून आला होता. त्या योग्याची भूमिकासुद्धा भारतीय नटाने केलेली नाही. म्हणजे बसमध्ये मला ज्या नावाने चिडवत होते, तो आधी तैवानच्या सिनेमावाल्यांनी कल्पलेला भारतीय होता आणि त्यावरून जपानी चित्रकारांनी काढलेला भारतीय होता. माझा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. खूप हलकं वाटलं.

मग त्याची कथा पहिल्यांदा नीट वाचली. गळ्यातल्या कवट्या गावात साथीने मेलेल्या मुलांच्या आहेत. तो लढतो गावासाठी पैसे मिळवायला, आणि लढावं लागतं याचा त्याला त्रास होतो. त्याच्या मुलाचं नाव आहे दत्ता. आमच्या घरी गुरुवारी दत्ताची आरती असते, माझ्या सख्ख्या काकांचं नाव दत्ता आहे. हे नाव कुठून आणलं असेल कोण जाणे, पण ते वाचल्यावर या माणसावरचा माझा राग गेला. अलीकडच्या गेममध्ये त्याला पांढरी दाढी आणि पागोटं दिलंय. आता मी तोच घेतो.

ठाण्याहून

वरचं वाचून एक आठवलं. पंच-आउट या निन्टेंडोच्या बॉक्सिंग गेममध्ये ग्रेट टायगर नावाचा एक जण आहे. पागोट्यात लखलखणारा खडा, आणि तो चमकला की ठोसा आलाच. १९८७ च्या गेममध्ये त्याचं गाव 'बॉम्बे' लिहिलंय. मी लहानपणी बाबांना विचारलं होतं, हा मुंबईत राहतो कुठे? बाबा गंभीरपणे म्हणाले, "परळला असेल." कित्येक वर्षं मी परळ स्टेशनवर त्याला शोधायचे.

वाईहून

आमचं छोटंसंच आहे. गिल्टी गिअर हा १९९८ चा जपानी गेम. तो रचणारा डायसुके इशिवातारी रॉक संगीताचा वेडा. त्याचा नायक सोल बॅडगाय. आडनाव घेतलंय रॉक गायक फ्रेडी मर्क्युरीच्या १९८५ च्या 'मिस्टर बॅड गाय' या अल्बमवरून, आणि कथेत त्याचं मूळ नावही फ्रेडरिक.

तो फ्रेडी, म्हणजे फारुख बलसारा, शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. पहिला बँड 'द हेक्टिक्स' तिथेच, शाळेतल्या पोरांचा. माझे वडील पसरणी घाटात तीस वर्षं एसटी चालवायचे, त्या शाळेवरून रोजचं जाणं-येणं. मी हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "कुठल्या साली होता तो?" साल ऐकून म्हणाले, "मग माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं पाहिला असणार."

नाशिकहून

टेकन थ्री. भाऊ आणि त्याचे मित्र मला त्यातला एडी गोर्डो हा खेळाडू घेऊ द्यायचे नाहीत. का, तर "तू नुसती किकची बटणं बडवतेस आणि जिंकतेस." खरंच जिंकायचे. तो हातावर उलटा होऊन फिरत राहायचा, त्याच्या लढण्यात नाच होता, आणि तो कुठून आला हे मला तेव्हाही जाणून घ्यायचं होतं.

२०१६ मध्ये गोव्याला हरमलच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पंधरा-वीस माणसं गोल करून टाळ्या वाजवत होती आणि मध्ये दोघं जण एडी खेळत होते. माझ्या तोंडून मोठ्याने "एडी!" निघालं. त्यांतली एक ब्राझीलची बाई हसली, तिला बरोबर समजलं. कापोएरा. गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या आफ्रिकनांनी ही नाचत लढण्याची कला घडवली. १८९० च्या तिथल्या कायद्याने कापोएरा हा गुन्हा ठरवला होता. गेममध्ये एडी ती तुरुंगात एका म्हाताऱ्याकडून शिकतो, त्यामागे एवढं सगळं आहे हे मला तेव्हा कळलं. त्याच्या हालचालीही खऱ्या आहेत. मार्सेलो परेरा या कापोएरा गुरूच्या अंगावर खुणा लावून त्या टिपल्या होत्या.

तिने मला त्यांचं वाद्य धरायला दिलं, बेरिंबाव. लांब धनुष्य, एकच तार, खाली सुका भोपळा. आपल्या तुणतुण्याचा मोठा भाऊच म्हणा. सगळं वजन करंगळीवर येतं. भोपळा पोटावर टेकवला की आवाज मिटतो, लांब नेला की उघडतो. दोन मिनिटांत माझी करंगळी बधिर झाली. ती बाई तासभर वाजवत होती.

नागपूरहून

ब्रूस लीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मॉर्टल कॉम्बॅटमध्ये लिऊ कँग, स्ट्रीट फायटरमध्ये फेई लाँग, टेकनमध्ये मार्शल लॉ. तीन कंपन्या, तिन्हीकडे तोच माणूस. १९७३ च्या जुलैत ३२ व्या वर्षी गेला, 'एंटर द ड्रॅगन' त्याच्यानंतर लागला. आमच्या मोठ्या भावाने त्याचं पोस्टर दाराला आतून लावलं होतं. भाऊ आता नाही. टेकनमध्ये लॉ ओरडला, की मला ते दार आठवतं.

जॅकी चॅनची गोष्ट मात्र आनंदाची. १९९३ च्या 'सिटी हंटर'मध्ये तो स्वतःच स्ट्रीट फायटरची पात्रं होऊन लढतो, त्यातल्या चुन-ली या मुलीचा वेषसुद्धा करतो. दोन वर्षांनी टेकन टूमध्ये त्याच्या धाटणीचा पोलीस आला, लेई वुलाँग.

अंधेरीहून

मी एका स्टुडिओत मोशन कॅप्चरचं काम करतो. माणूस उड्या मारतो, आम्ही त्याच्या हालचाली साठवतो, पडद्यावर दिसतो दुसराच कोणी. म्हणून मला मॉर्टल कॉम्बॅटबद्दल बोलायचंय.

१९९२ च्या त्या गेममध्ये खऱ्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उभं करून एकेक चित्र उचललं होतं. डॅनिएल पेसिना हा एकच गडी जॉनी केज होता आणि स्कॉर्पियन, सब-झिरो हे निन्जाही. निन्जांची चित्रं एकदाच घेतली आणि रंग बदलला. पिवळा एक, निळा दुसरा, हिरवा तिसरा. मेमरी कमी होती, त्यातून ही युक्ती निघाली आणि त्यातून जगभर गाजलेली पात्रं तयार झाली. आमच्या धंद्यात यापेक्षा सुंदर काटकसर मी पाहिली नाही.

जॉनी केज मुळात मारधाडपटांचा नट जाँ-क्लोद व्हॅन डॅम असायचा होता. ते जमलं नाही, पण 'ब्लडस्पोर्ट' सिनेमातली त्याची पाय फाकवून खाली बसत ठोसा मारण्याची लकब राहिली. ३१ वर्षांनी, २०२३ च्या मॉर्टल कॉम्बॅट वनमध्ये, व्हॅन डॅमने स्वतःचा चेहरा आणि आवाज जॉनी केजला दिला. नावाजलेल्या माणसाला त्याचं श्रेय उशिरा का होईना मिळालं.

पेसिनाचं तसं झालं नाही. त्याने आपल्या प्रतिमेच्या वापराबद्दल दावा लावला आणि १९९६ मध्ये तो हरला. न्यायालयाचं म्हणणं असं, की चित्रं इतकी बदलली आहेत की त्यांत पेसिना ओळखू येत नाही. मी हे वाचलं तेव्हा आमच्याकडे एक मुलगी मल्लखांबाच्या उड्या टिपायला आली होती. फाइलला आम्ही नुसता आकडा देत होतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक फाइलवर माणसाचं पूर्ण नाव घालतो. पुढे कोणी पुसलं तर पुसलं, माझ्याकडून पुसलं जाणार नाही.

सोलापूरहून

मी बालगृहात वाढलो. शनिवारी दोन तास बाहेर सोडायचे. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत दहा रुपयांत तासभर टेकन. आम्ही चौघं पैसे गोळा करून जायचो आणि मी किंग घ्यायचो. धड माणसाचं, डोकं बिबट्यासारख्या जग्वारचं. तो माणूस कसा दिसतो हे कधीच कळत नाही, ते मला आवडायचं. गेममध्ये किंग अनाथाश्रम चालवायला कुस्ती खेळतो. तो गेल्यावर त्याच्याच आश्रमातला मुलगा तो मुखवटा चढवतो. आम्ही चौघांनी हे वाचलं तेव्हा कोणीच काही बोललं नाही.

मेक्सिकोत असा माणूस खरोखर आहे हे मला नोकरी लागल्यावर समजलं. सर्जिओ गुतिएरेस बेनितेस, कॅथलिक पाद्री. अनाथ मुलांना सांभाळायला पैसे नव्हते म्हणून 'फ्राय तोर्मेंता' या नावाने, मुखवटा घालून आखाड्यात उतरला. बरीच वर्षं कोणाला पत्ता नव्हता. मग एका सहकारी मल्लाने त्याला ओळखलं आणि बातमी फुटली.

आमच्या बालगृहाचे सर लग्नसराईत रात्री बँडपथकात क्लॅरिनेट वाजवायचे. आम्हाला माहीत नव्हतं. एकदा वरातीत जिलेबी मिळेल म्हणून आम्ही मागे लागलो. लाल कोट, सोनेरी झालर, टोपी कपाळावर ओढलेली. बोटं बघून मी ओळखलं, उजव्या हाताचं एक बोट त्यांचं वाकडं आहे. त्यांनीही मला पाहिलं आणि वाजवत राहिले. जूनमध्ये सगळ्यांना नव्या वह्या आल्या.

मागच्या महिन्यात त्यांना फोन करून मेक्सिकोच्या त्या पाद्र्याची गोष्ट सांगितली. गेमचं, मुखवट्याचं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मुलं किती होती रे त्याच्याकडं?"