लॅपटॉपवर आयकॉन दिसतात, साईट लाईव्ह केली की चौकोन! फॉन्ट ऑसमचं काय चुकतंय?

होटगी_रोड_वेब

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका चादर-टॉवेलच्या दुकानाची साईट करतोय, साधी एचटीएमएल-सीएसएसची आहे, वर्डप्रेस वगैरे काही नाही. जुना टेम्प्लेट घेतला, रंग बदलले, मराठी मजकूर टाकला, चादरी, टेरी टॉवेल आणि नॅपकिन अशी तीन पानं केली. लॅपटॉपवर सगळं झकास दिसतंय पण होस्टिंगवर चढवल्यापासून आयकॉनचा घोळ झालाय. घराचा आणि फोनचा आयकॉन नीट येतोय, पण व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्रामच्या जागी नुसते चौकोन दिसालेत, आणि किमतीच्या आधी रुपयाचा आयकॉन होता तो तर गायबच, चौकोन पण नाही, मोकळी जागा, ईमेलच्या पाकिटाचं पण तसंच. एकाच फॉन्टमधले आयकॉन असून तीन तऱ्हा कशा हेच कळंना.

पानाच्या हेडमध्ये फॉन्ट ऑसमच्या (आयकॉनचा तयार फॉन्ट) दोन लिंक आहेत. एक सीडीएनवरची (म्हणजे फाईली पुरवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवरची), पाच नंबर व्हर्जनची, ती मी एका व्हिडिओत बघून टाकली, आणि तिच्या खाली टेम्प्लेटबरोबर आलेली, आपल्याच फोल्डरमधली. क्लास सगळे टेम्प्लेटमधलेच ठेवलेत, एफए एफए-होम, एफए एफए-व्हॉट्सॲप, एफए एफए-आयएनआर असे. मजकुराला मुक्ता फॉन्ट आहे, तो गूगल फॉन्ट्सवरून माझ्या स्टाइल फाईलच्या पहिल्याच ओळीत इम्पोर्ट केलाय.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दिसतात तिथं) लाल ओळ येते की स्टाइलशीट लावायला नकार दिला कारण माईम टाईप, म्हणजे फाईलचा प्रकार, टेक्स्ट-एचटीएमएल आहे. म्हणून सर्व्हरच्या सेटिंगच्या एचटीॲक्सेस फाईलमध्ये सीएसएसचा टाईप टाकून बघितला, काही फरक नाही. होस्टिंगवाले म्हणतात सर्व्हर ठीक आहे, कोड बघा.

अजून एक, मालकांच्या मोबाईलवर पान उघडताना बराच वेळ पांढरंच राहतं आणि मग एकदम अक्षरं येतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेआधी साईट चालू पाहिजे म्हणून ते रोज विचारालेत. कुणाला वेळ असेल तर सांगा.

विजापूर_रोड

भावा, प्रश्न एकदम व्यवस्थित लिहिलायस, त्यामुळं इथूनच बरंच कळतंय. आधी ती एचटीॲक्सेसमधली ओळ काढ, तिचा इथं काही संबंध नाही. ती लाल ओळ वाचून सगळे माईम टाईपच्या मागं लागतात, पण तिचा अर्थ एवढाच की ब्राउझरनं सीएसएस मागितली आणि सर्व्हरनं त्या पत्त्यावर फाईल नाही म्हणून आपलं ४०४ चं पान पाठवलं, ते पान एचटीएमएलचं, म्हणून ब्राउझर म्हणतो ही स्टाइलशीट नाही, मी लावणार नाही. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये त्या फाईलवर क्लिक करून रिस्पॉन्स बघ, होस्टिंगचं "पान सापडलं नाही" वालं पान दिसेल.

आता फाईल लॅपटॉपवर सापडते आणि सर्व्हरवर नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे कॅपिटल-स्मॉल अक्षरं. विंडोजला फोल्डरचं नाव कॅपिटलमध्ये असलं काय आणि स्मॉलमध्ये असलं काय, दोन्ही एकच, पण होस्टिंग बहुतेक लिनक्सवर असतं आणि तिथं ती दोन वेगळी नावं. फोल्डरचं नाव आणि लिंकमधलं नाव एक एक अक्षर जुळवून बघ.

आणि ते तीन तऱ्हांचं कोडं मला फार आवडलं, कारण उत्तर त्याच्यातच आहे. आयकॉन फॉन्ट म्हणजे काय, तर युनिकोडमध्ये खाजगी वापरासाठी मोकळे सोडलेले नंबर आहेत, त्या नंबरांवर चित्रं बसवलेली असतात. क्लासचं काम म्हणजे बिफोरमध्ये (सीएसएसमधून मजकूर घालायची जागा) तो नंबर टाकणं, आणि त्या नंबराचं चित्र काढणं हे फॉन्टचं काम. म्हणून चौकोन आला तर समजायचं की क्लास सापडला, नंबर पडला, पण जो फॉन्ट लागला त्यात त्या नंबराचं चित्रच नाही. मोकळी जागा कायमची राहिली तर क्लासचं नावच कुठल्या सीएसएसमध्ये नाही, म्हणून नंबरच पडला नाही. (फॉन्ट उतरेपर्यंत पण जागा मोकळी दिसते, पण ती थोडा वेळच.) हे एवढं लक्षात ठेवलंस तर अर्धी शोधाशोध वाचते.

तुझ्याकडं लाईव्हवर टेम्प्लेटची सीएसएस येत नाही, ती बहुतेक ४.७ असणार, आयएनआर हे नाव त्याच काळातलं. मग उरली फक्त पाच नंबरची. पाचमध्ये घर आणि फोन जुन्याच नावानं आहेत म्हणून दिसतात. व्हॉट्सॲप-फेसबुक पाचमध्ये वेगळ्या ब्रँड्स फॉन्टमध्ये नेलेत, एफए क्लास लावला की सॉलिड फॉन्ट लागतो, त्यात ते नाहीत, म्हणून चौकोन. आणि आयएनआरचं नाव बदलून रुपी-साईन झालं, पाकिटाचं मागं ओ लावलेलं नाव पण गेलं, म्हणून तिथं काहीच नाही.

होटगी_रोड_वेब

व्हय, अगदी तसंच निघालं! झिपमध्ये फोल्डरचं नाव कॅपिटलमध्ये होतं आणि लिंकमध्ये स्मॉल. नाव स्मॉल केलं, पुन्हा चढवलं आणि सगळे आयकॉन आले. मग हे आता असंच ठेवू का?

आक्का_सीएसएस

ठेवू नका दादा. आत्ता चाललंय ते जुनी फाईल खाली आहे म्हणून. दोन्ही व्हर्जन एफए याच क्लासवर आपापला फॉन्ट लावतात, दोन नियमांचा जोर सारखा असला की खालचा नियम जिंकतो. उद्या कुणी लिंक वरखाली केल्या की पुन्हा चौकोन, आणि तेव्हा पण लॅपटॉप-सर्व्हर असा शोध सुरू होईल. शिवाय मालकांच्या मोबाईलवर दोन-दोन स्टाइलशीट उतरतात ते वेगळंच. ४.७ हे २०१६ चं आहे, पाच आलं २०१७ च्या डिसेंबरात, आता तर सहा पण २०२२ पासून आहे. एकच व्हर्जन ठेवा आणि क्लास त्याप्रमाणं बदला.

पाच ठेवलं तर साध्या आयकॉनला एफएएस, कंपन्यांच्या चिन्हांना एफएबी. रेषेचे आयकॉन एफएआर, पण ते फुकटच्या सेटमध्ये मोजकेच आहेत. अजून एक गंमत नव्हे, त्रास म्हणा, पाचमध्ये सॉलिड फॉन्ट ९०० वजनाचा आहे, तेव्हा तुम्ही स्वतः बिफोर लिहून नंबर टाकणार असाल तर फॉन्ट-वेट ९०० द्यायलाच लागतं, नाहीतर परत चौकोन, आणि नेटवर्क टॅबमध्ये काही चूक दिसत पण नाही. टेम्प्लेटमध्ये कुठं तारा टाकून सगळ्याला फॉन्ट-फॅमिली मुक्ता इम्पॉर्टंट असं लिहिलंय का ते पण बघा. मराठी साईटवर हे फार सापडतं, अक्षरं नीट दिसावीत म्हणून लिहितात आणि आयकॉनचा फॉन्ट मारला जातो. मुक्ता फक्त बॉडीला द्या, बाकी आपोआप खाली उतरतं.

आणि रुपयाला आयकॉन लावूच नका! ₹ हे चिन्ह युनिकोडमध्ये २०१० पासून आहे, सरळ टाईप करा. किंमत हा मजकूर आहे, गिऱ्हाईकानं कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवली तर ₹ सोबत जायला पाहिजे, आंधळ्या माणसाचा स्क्रीन रीडर वाचतो त्याला पण ते कळायला पाहिजे. बाकी शोभेच्या आयकॉनला एरिया-हिडन ट्रू लावा म्हणजे स्क्रीन रीडर उगाच काहीतरी वाचणार नाही.

अशोक_चौक_२

माझ्या मते लोकल फाईल काढून सगळं सीडीएनवरच ठेव. बाकीच्या साईटवर तीच फाईल आधी उतरलेली असते, ब्राउझर कॅशमधून लगेच देतो, आपल्या साईटला भार नाही.

विजापूर_रोड

हे पूर्वी खरं होतं, आता नाही. ब्राउझर आता प्रत्येक साईटची कॅश वेगळी ठेवतात, सफारी आधीपासून, क्रोम २०२० मध्ये ८६ पासून, फायरफॉक्स २०२१ मध्ये ८५ पासून. दुसऱ्या साईटनं उतरवलेली फाईल तुझ्या साईटला मिळत नाही, पुन्हा उतरते, वर नवीन सर्व्हरशी जोडणी करायचा वेळ जातो. सीडीएनचे बाकीचे फायदे आहेत, नाही असं नाही, पण एका दुकानाच्या तीन पानांना स्वतःच्या होस्टिंगवर फाईल ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. सीडीएनवरून घेतलीच तर लिंकमधला इंटिग्रिटीचा हॅश (फाईल तीच आहे ना हे तपासायचा कोड) कॉपी करताना व्हर्जन तेच आहे ना ते बघा, हॅश जुळला नाही की ब्राउझर अख्खी फाईल नाकारतो.

लोकल ठेवताना सीएसएसचा फोल्डर आणि वेबफॉन्ट्सचा फोल्डर शेजारी-शेजारी, जसे झिपमध्ये आले तसेच ठेवायचे. सीएसएसमध्ये फॉन्टचा जो पत्ता असतो तो सीएसएस फाईलपासून मोजला जातो, एचटीएमएल पानापासून नाही. लोक नुसती सीएसएस उचलून दुसरीकडं टाकतात आणि फॉन्ट मागंच राहतो.

आक्का_सीएसएस

खरं सांगायचं तर किती आयकॉन आहेत तुमचे? घर, फोन, पाकीट, नकाशा, व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम. एवढ्यासाठी सॉलिड आणि ब्रँड्स असे दोन फॉन्ट, वूफ-टू या दाबून लहान केलेल्या प्रकारात पण मिळून दीडशे केबीच्या आसपास, आणि वर हजारावर क्लासची सीएसएस. त्यापेक्षा तेवढ्याच एसव्हीजी (आयकॉनची सुटी चित्रं) उतरवून घ्या आणि पानातच टाका. फिलला करंट-कलर दिला की शेजारच्या अक्षरांचा रंग आपोआप लागतो, होव्हरला पण बदलतो. फॉन्टच नाही तर चौकोन यायचा प्रश्नच नाही. मी अशा लहान साईटला आता आयकॉन फॉन्ट घेतच नाही.

पांढऱ्या पानाचं सांगते. बाहेरची स्टाइलशीट आल्याशिवाय ब्राउझर पान रंगवत नाही, आणि तुम्ही इम्पोर्ट वापरल्यामुळं एकामागं एक रांग लागलीय. आधी एचटीएमएल, मग तुमची स्टाइल फाईल, ती उघडल्यावर कळतं की गूगलची सीएसएस पण पाहिजे, ती आल्यावर कळतं की फॉन्ट आणखी तिसऱ्याच सर्व्हरवर आहे. नवी पेठेत गर्दीच्या वेळी मोबाईलला रेंज कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात ही रांग. इम्पोर्टची ओळ काढा, गूगल फॉन्ट्सची लिंक सरळ हेडमध्ये टाका, म्हणजे ती तुमच्या फाईलबरोबरच उतरायला लागेल. तिच्या आधी दोन प्रीकनेक्ट (आधीच जोडणी करून ठेवणाऱ्या ओळी), एक सीएसएसच्या सर्व्हरला, एक फॉन्टच्या जीस्टॅटिक सर्व्हरला. दुसऱ्याला क्रॉसओरिजिन लिहायला विसरू नका, फॉन्ट वेगळ्या जोडणीवरून उतरतात, ते नसेल तर आधी केलेली जोडणी वाया जाते. पत्त्यात डिस्प्ले स्वॅप ठेवा, म्हणजे मुक्ता येईपर्यंत मोबाईलच्या साध्या फॉन्टमध्ये मजकूर वाचता येईल. मुक्ताची सातही वजनं मागू नका, ४०० आणि ७०० पुरेत.

जाता जाता, एचटीएमएल टॅगमध्ये लँग एमआर करा, म्हणजे भाषा मराठी. टेम्प्लेटमध्ये ईएन, म्हणजे इंग्रजी, असतं आणि ते कुणी बदलतच नाही. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं लँग एमआर असेल तरच मराठी वळणाचे ल आणि श येतात, नाहीतर हिंदीतले. सोलापुरी चादर लिहिताना तो ल आपल्या वळणाचा दिसला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

होटगी_रोड_वेब

आक्का, इम्पोर्ट काढल्यावर मोबाईलवर लगेच फरक दिसला, मालकांना पण दाखवलं. ₹ पण टाईप केला. एसव्हीजीचं काम सावकाश करतो, तोवर पाच नंबर लोकल ठेवलाय, क्लास बदलले. पण आता नवीनच झालंय, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून साईट उघडली की सगळे आयकॉन येतात, न लावता उघडली की सगळे चौकोन, घर-फोन पण. फोटो मात्र दोन्हीकडं येतात.

विजापूर_रोड

लिंकमध्ये पूर्ण पत्ता लिहिलायस ना, एचटीटीपीएसपासून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सकट? ब्राउझरच्या हिशोबानं ते लावून आणि न लावता ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. सीएसएस आणि फोटो दुसऱ्या ठिकाणाहून आणायला आडकाठी नसते, फॉन्टला असते, समोरच्या सर्व्हरनं ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिनचा हेडर दिला तरच तो लागतो. म्हणून सीएसएस आली, नंबर पडले, फॉन्ट अडला. कन्सोलमध्ये सीओआरएसची, म्हणजे याच आडकाठीची, ओळ असेल बघ.

हेडरच्या भानगडीत पडू नको. पत्त्यातला डोमेन काढ आणि नुसता स्लॅशपासून सुरू होणारा पत्ता लिही, मग पान जिथून उघडलं तिथूनच फॉन्ट येईल. आणि होस्टिंगच्या पॅनेलमधून एका पत्त्यावरून दुसऱ्यावर ३०१ रीडायरेक्ट लाव, कुठला ठेवायचा ते मालकांच्या व्हिजिटिंग कार्डवर जो छापलाय त्यावरून ठरव. बदल केल्यावर कॅश साफ करून दोन्ही पत्ते मोबाईलवर उघडून बघ, लॅपटॉपवर बघून सोडू नको.