सल्ला हवा: भाच्यासाठी टीम कॅनडाची जर्सी, पाठीवर कोणाचं नाव टाकू? बजेट ३०००

रावेरचा_मामा:
नमस्कार मंडळी. ताईच्या पोरीचं लग्न जानेवारीत जळगावला आहे. ताई-दाजी कॅनडात सेंट कॅथरिन्सला असतात, नायगाराजवळ. नवरीचा धाकटा भाऊ म्हणजे माझा भाचा १४ वर्षांचा, त्याला मामाकडचा आहेर म्हणून पँट-शर्टपीस दिला तर तो तसाच पडून राहील म्हणून आईस हॉकीची टीम कॅनडाची जर्सी द्यायची ठरवलीय. जळगावात एक जण शिवून नाव-नंबर टाकून देतो. अडचण अशी की फेब्रुवारी २०२६ मध्ये मिलानला हिवाळी ऑलिंपिक, कॅनडाची २५ जणांची यादी ३१ डिसेंबरला येणार अन् शिवणाऱ्याला नाव २५ तारखेच्या आत पाहिजे. पोराकडे मार्नरची टोरोंटोवाली जर्सी आहे, पण मार्नर यंदा टोरोंटोचा क्लब सोडून वेगासच्या क्लबला निघून गेला तेव्हापासून ती त्याने घातलेली नाही. तसं परत नको. जो यादीत येणारच असं नाव सांगा. ३००० च्या वर जमणार नाही, लग्नघर आहे.

भुसावळ_लोको:
डोळे झाकून क्रॉस्बी ८७. २०१० ला व्हँकुव्हरला फायनलमध्ये अमेरिकेविरुद्ध ओव्हरटाईमला गोल त्यानेच मारला. ३८ वर्षांचा झाला तरी यंदा फेब्रुवारी २०२५ मध्ये फोर नेशन्स स्पर्धेला (कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड) कॅप्टन तोच होता. माझ्याकडे २०१४ पासून क्रॉस्बीची जर्सी आहे, अजून रंग गेला नाही.

चोपडा_टोरोंटो:
भो ३००० मध्ये काय येतं, रुमाल येईल. मी ओरिजिनल मॅकडेव्हिड घेतली, कस्टम धरून २० हजाराच्या वर गेली पण हातात घेतल्यावर कळतं काय चीज आहे. कॅनडात वाढलेल्या पोराला शिवलेली द्याल तर तो लांबूनच ओळखेल. थोडे पैसे घाला अन् ओरिजिनलच घ्या.

रावेरचा_मामा:
दादा बजेट वर लिहिलंय.

धुळ्याना_भाऊ:
आईस हॉकी म्हंजे बर्फवरनी का? आपली हॉकी सोडीसन हाई काय नवीन. ध्यानचंदना देश शे भो आपला.

अमळनेरची_लेक:
मामा, आधी हे वाचा. कॅनडाने पहिली सहा नावं जूनमध्येच जाहीर केलीत: क्रॉस्बी, मॅकडेव्हिड, मॅकिनन, मकार, रेनहार्ट, पॉइंट. दुखापत सोडली तर हे सहा पक्के, बाकी १९ जागांसाठी नुसते अंदाज चालू आहेत. तुम्हाला खात्रीच पाहिजे तर या सहांतून घ्या. पोरगा १४ चा आहे तर मकार ८ घ्या, डिफेन्सचा असून असा पळतो की फॉरवर्ड मागे राहतात, अन् वय २७ म्हणजे पुढच्या ऑलिंपिकलाही चालेल. अजून एक, नाव पक्कं झालं तरी नंबरही बघून घ्या. मार्नर टोरोंटोला १६ होता अन् वेगासला ९३ आहे, आता देशाकडून कोणता घालेल? क्लबचा नंबर देशाच्या टीममध्ये मिळतोच असं नाही. क्रॉस्बी ८७, मॅकडेव्हिड ९७, मकार ८, मॅकिनन २९ हे फोर नेशन्सलाही तेच होते, तिथे काळजी नाही.

केळीबाग_यावल:
मॅकडेव्हिड ९७ टाका विषय संपला. फोर नेशन्सच्या बोस्टनच्या फायनलला अमेरिकेविरुद्ध ३-२, ओव्हरटाईमचा गोल त्याचा. मी पहाटे उठून पाहिली ती मॅच, थंडीत मोटार चालू करायला जायचंच होतं मळ्यात.

भुसावळ_लोको:
त्या गोलला पास मार्नरचा होता हे पण सांगा. स्वीडनला ओव्हरटाईममध्ये हरवणारा गोलही मार्नरचाच. क्लब बदलला म्हणून पोराने जर्सी टाकून दिली हे मला पटलं नाही.

केळीबाग_यावल:
पास कोणाचा हे जर्सीवर लिहीत नाहीत.

जळगाव_प्रिंटवाला_नाही:
कोणाचंही नाव टाका पण रबर प्रिंट करू नका. पोराच्या क्रिकेट टीमच्या १५ जर्सी एका ठिकाणी करून घेतल्या होत्या, दोन धुण्यांत अक्षरं सोलून निघाली, फोन केला तर म्हणे मशीनमध्ये का धुतल्या. मशीन घेतली कशासाठी मग? नाव कापडाचं कापून शिवून घ्या, दीड-दोनशे जास्त लागतात. अन् माप मोठं घ्या, ही जर्सी पॅडच्या वरून घालतात, शर्टाच्या मापाने शिवली तर खांद्यात अडकेल.

शहादा_एसटी:
सेलेब्रिनी का नाही कोणी बोलत? १९ वर्षांचं पोरगं, २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवीन पोरं निवडतात त्यात) पहिलं नाव, सॅन होजेकडून यंदा असा खेळू राहिला की गुणांच्या यादीत मॅकिनन, मॅकडेव्हिडच्या रांगेत आहे. भाच्याला आपल्या वयाच्या जवळचा खेळाडू पाहिजे, क्रॉस्बी त्याच्यासाठी काकाच्या वयाचा. बेडार्ड पण घेतला असता पण डिसेंबरमध्ये खांदा दुखावून बसला.

अमळनेरची_लेक:
सेलेब्रिनी येईल असं मलाही वाटतं, पण येईल अन् आलाय यात फरक आहे. कॅनडाचा कोच कूपर हा टॅम्पा क्लबचाही कोच, तो स्वतःच्या ओळखीचे, पुढे अन् मागे दोन्हीकडे खेळणारे गडी आधी बघणार. सिरेली, हेगल ही नावं उगाच चर्चेत नाहीत. तरुण पोरांची जागा शेवटी भरतात. शेफर तर १८ चाच आहे, त्याचंही तेच.

धुळ्याना_भाऊ:
मी वाचीसन उन्हू. आपला पोरीस्नी २०२५ मा आशिया कपमा ब्रॉन्झ जिकं, यूएईमा, आईस हॉकीमाच! जास्ती पोरी लडाखन्या शेतस. मामा, भारतनी जर्सी द्या ना पोऱ्याले, कॅनडानी तठे ढीगभर भेटतीस.

शहादा_एसटी:
हे आवडलं भाऊ.

चोपडा_टोरोंटो:
अन् मिलानचं रिंक (बर्फाचं मैदान) एनएचएलपेक्षा, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या क्लब लीगपेक्षा, लांबीला तीनेक फूट कमी बनवलंय. जागा कमी म्हणजे धक्काबुक्की जास्त, तिथे आडदांड गडी लागतील. टॉम विल्सनला नेतील बघा. मी तर त्याचीही ओरिजिनल मागवणार आहे.

केळीबाग_यावल:
तीन फुटाने काय होतं भो, आमच्या बांधावरून तीन फुटाची केस पंधरा वर्षं चालू आहे ते वेगळं. पण खेळात काही फरक पडत नाही. मॅकडेव्हिड टाका.

रावेरचा_मामा:
सगळ्यांचे आभार. काल ताईला फोन करून आडून आडून विचारलं. ती म्हणे पोरगा शाळेच्या टीममध्ये गोलकीपर आहे, हे मला माहीतच नव्हतं. मग गोलकीपरचंच नाव टाकावं म्हणतो. कोण येईल?

भुसावळ_लोको:
बिनिंग्टन ५०. फोर नेशन्सच्या फायनलला ओव्हरटाईममध्ये त्याने अडवलं नसतं तर मॅकडेव्हिडपर्यंत गोष्ट गेलीच नसती. अन् टीम निवडणारा आर्मस्ट्राँग सेंट लुईसचाच मॅनेजर, बिनिंग्टन त्याच्या घरचा गडी. शंभर टक्के येणार.

शहादा_एसटी:
फायनलचं बरोबर आहे पण यंदा सेंट लुईसकडून त्याचे हाल चालू आहेत, साधे शॉट आत जाऊ राहिले. वॉशिंग्टनचा लोगन थॉम्पसन त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला चाललाय. पण त्याला फोर नेशन्सला घेतलाच नव्हता, तिघांत बिनिंग्टन, हिल, मॉन्टेम्बो होते. त्यामुळे त्याचं नाव टाकणं म्हणजे जुगार.

अमळनेरची_लेक:
२५ मध्ये गोलकीपर तीनच, त्यातला खेळणार बहुतेक एकच. खात्री पाहिजे म्हणत होतात ना मामा, मग सर्वांत कमी खात्री याच जागेची आहे. मकार घ्या.

केळीबाग_यावल:
मॅकडेव्हिड.

चोपडा_टोरोंटो:
गोलकीपरची जर्सी घेराने वेगळी असते, ओरिजिनलमध्ये तर अजून महाग.

रावेरचा_मामा:
ठरलं. थॉम्पसन ४८. तुम्ही सगळे नको म्हणताय, कारणं पण बरोबर आहेत. पण या थॉम्पसनला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं, तो ब्रॉक युनिव्हर्सिटीकडून खेळला अन् ती युनिव्हर्सिटी सेंट कॅथरिन्सलाच आहे, ताईच्या गावात. तिथून तो एनएचएलला पोचला. भाच्याच्या खोलीत त्याचा फोटो आहे असं ताई म्हणे. ३१ ला यादीत नसला तरी ही जर्सी पोरगा काढून ठेवणार नाही, अन् असला तर २२ फेब्रुवारीला फायनल बघताना घालेल. अक्षरं कापडाची शिवून, घेर जास्त, सगळं धरून २४०० सांगितलेत. उद्या ॲडव्हान्स देतो.

भुसावळ_लोको:
बिनिंग्टन खेळणार लिहून ठेवा.

जळगाव_प्रिंटवाला_नाही:
ॲडव्हान्स द्यायच्या आधी स्पेलिंग कागदावर स्वतः लिहून द्या. थॉम्पसनमध्ये पी येतो, ते लोक विसरतात.