‘एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) कुठलाही चालतो’ हा सल्ला खेड्यातल्या पोराला देऊ नका

पांढरकवड्याहून
काल या फोरमवर ‘80 हजारांत गेमिंग आणि रेंडरिंग’ अशी यादी पडली. राय्झन 5 5600 प्रोसेसर, ए520 मदरबोर्ड, 16 जीबी रॅम, आरटीएक्स 5060 ग्राफिक्स कार्ड आठ जीबी मेमरीवालं. शेवटची ओळ अशी : “एसएमपीएस कुठलाही 450 वॉटचा घ्या, यूपीएसच्या भानगडीत पडू नका, वाचलेला पैसा कार्डात घाला.” खाली भराभर ‘जबरदस्त बिल्ड दादा’ सुरू झालं. विचारणारा पोरगा झरी जामणीकडचा. त्याला ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकून कामं घ्यायची आहेत, रात्री जमलं तर खेळायचंय. पैसे वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातून काढून दिलेत. त्या घरात दुसरे 80 हजार लवकर निघणार नाहीत, म्हणून लिहितोय.

स्वस्त एसएमपीएसचं लेबल वाचा. डब्यावर ठळक 450, आणि बाजूच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टखाली 18 अँपिअर. गुणाकार करा, 216 वॉट झाले. कार्ड एकटं 145 घेतं, 5600 भरात आला की 76. बेरीज 221. पंखे आणि एसएसडी अजून धरलेच नाहीत. गेममध्ये भार वरखाली होतो, रेंडरला, म्हणजे थ्रीडी सीनची चित्रं काढताना, तो रात्रभर ताणलेलाच राहतो. आणि हे सगळं अशा लाईनवर, जिथे रब्बीत मोटारी सुरू झाल्या की पंखा रेंगाळतो आणि रात्री भार उतरला की बल्ब पांढराफेक पेटतो.

दुसरं, आठ जीबी. गेमला टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) कमी करून भागतं. सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की एकतर रॅममधून ओढत रखडतो, नाहीतर ‘आउट ऑफ मेमरी’ दाखवून थांबतो. रॅमही 16च असेल तर ओढणार कुठून? त्यापेक्षा 3060 कार्ड बारा जीबीवालं, 32 रॅम, नावाजलेला 550 वॉटचा ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा दर्जा) एसएमपीएस. एसएमपीएस आधी लिहा, मग बाकीची यादी.

टीम_60एफपीएस
यादी माझीच आहे, तेव्हा उत्तर देतो.

3060 फेब्रुवारी 2021 मध्ये आलेलं कार्ड. आज नवीन पैसे मोजून ते घ्यायला सांगणं म्हणजे पोराचं नुकसान. सीन मेमरीत मावतो तोवर 5060 सायकल्समध्ये सरळ पुढे आहे. खेळायला डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानंच बनवणं) मिळतं, ते 3060 ला नाही. 3060 चे 170 वॉट, 5060 चे 145, म्हणजे उन्हाळ्यात खोली कमी तापणार. शिवाय हल्लीचे कॅमेरे 10 बिट 4:2:2 मध्ये (रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये) शूट करतात, ते फुटेज 5060 स्वतः डिकोड करतं. 3060 ला ते जमत नाही.

आठ जीबीचा बाऊ नको. ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय सेटिंगमध्ये टेक्स्चर लिमिट 1024 वर आणा, झाडं कॉपी न करता इन्स्टन्स करा, म्हणजे एकच झाड पुन्हा पुन्हा वापरा. शिकणाऱ्याला हे यायलाच पाहिजे.

आणि तुमचा गुणाकार : जीपीयू रेंडर (कार्डावरचा) चालू असताना प्रोसेसर 76 वॉट खात नाही. ते सीपीयू रेंडरला.

पांढरकवड्याहून
प्रोसेसरचं बरोबर. पण तो पोरगा एकीकडे सिम्युलेशन बेक (हालचाल आधीच मोजून साठवणं) करणार नाही का? धूर, कापड, पाणी, सगळं बेकिंग प्रोसेसरवरच चालतं. आणि 4:2:2 लग्नाचं शूट करणाऱ्याला हवं. या पोराला लग्नं शूट करायची नाहीत.

वणीचा_पोट्टा
कार्डाचं तुमी ठरवा, मी लाईनीचं सांगतो. मांगच्या पावसाळ्यात आमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल सुटला. आमाले काय मालूम? बल्ब एकदम भकभक पेटले, फ्रिज घुर्र करून बंद पडला. माह्या पीसी चालूच होता, फट्ट आवाज आला अन् जळका वास. न्यूट्रल गेला की दोन फेजच्या मधात घर सापडते, 230 च्या जागी 400 पर्यंत व्होल्टेज चढते. एसएमपीएस गेला, बोर्ड गेला, कार्ड कसंबसं वाचलं. दुकानदार म्हने, जळालेला माल वॉरंटीत येत नाही. कोनाले सांगाव बाप्पा?

झरीच्या पोराले पयले हे सांगा. 5060 घे का 3060 घे, फट्ट झालं की दोनी सारखेच.

टीम_60एफपीएस
वाईट झालं भाऊ. पण 400 व्होल्टला महागडा एसएमपीएसही टिकत नाही. चांगल्याची मर्यादा 100 ते 240, फार तर 264. मग महाग एसएमपीएसवर पैसे घालून काय मिळालं?

वरुडचा_स्टुडिओ
मिळतं ते हे. स्वस्तातला जळताना सोबत बोर्ड आणि कार्ड घेऊन जातो, चांगला बहुतेक वेळा एकटा मरतो. आणि 400 साठी वेगळा इलाज आहे : मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवायचा. 270 च्या आसपास गेलं की तो सगळं घर तोडतो. इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात लावून देतो.

स्टॅबिलायझर विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. खालच्या व्होल्टेजला चांगला एसएमपीएस 160-170 वरही निमूट चालतो.

चिमूरची_थ्रीडी
अर्थिंगचं कोणीच बोलत नाही याचं नवल वाटतं. मी घरांचे थ्रीडी व्ह्यू करते. नवा पीसी आणला तेव्हा अनवाणी पायानं कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. विकणारा म्हणाला, “ताई, स्टॅटिक आहे, चप्पल घालत जा.” स्टॅटिक नव्हतं. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा साधारण 115 व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी कमी, पण त्याच स्थितीत एचडीएमआय केबल लावली-काढली की पोर्ट जाऊ शकतो. आमच्या घरी थ्री-पिन सॉकेट होतं, तिसऱ्या भोकात वायरच नव्हती.

वणीचा_पोट्टा
ताई, अर्थिंग आमच्या घरी हाये, मीठ-कोळसा भरून केलेलं. तरी न्यूट्रल गेलाच ना? अर्थिंगनं काय वाचलं?

चिमूरची_थ्रीडी
न्यूट्रल तुटल्यावर अर्थिंग वाचवेल असं मी कुठे म्हटलं? दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दादा.

आणि खड्डा केला म्हणजे झालं असं नाही. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढी फाटते, पाणी राहत नाही, अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या ओता. मल्टीमीटरनं न्यूट्रल ते अर्थ मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

टीम_60एफपीएस
धागा पीसीचा आहे की वायरमनच्या कोर्सचा? 80 हजारांत अर्थिंग, प्रोटेक्टर, यूपीएस घातलं तर कार्डाच्या जागी डमरू येईल.

पांढरकवड्याहून
नागपुरात बसून असं बोलणं सोपं आहे. तुमच्याकडे सॉकेटच्या मागचं सगळं बिल्डरनं करून ठेवलंय. इथं ते पीसीच्या बजेटातूनच जातं, आणि तुमच्या यादीत त्याला एक रुपया नाही. एवढाच माझा राग आहे.

टीम_60एफपीएस
मी नागपुरात जन्मलो नाही. आर्णीजवळचं गाव आहे माझं, कंदिलाखाली अभ्यास केलाय. गाव कोणाला शिकवताय?

वरुडचा_स्टुडिओ
गाव बाजूला ठेवा दोघंही. यूपीएसचा घोळ राहिलाय. 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुतेक 360 वॉट, हे लोकांना सांगत नाहीत. पीसी आणि मॉनिटर रेंडरला त्याच्या जवळ जातात आणि तो किंचाळून बंद पडतो. 1 केव्हीए (1000 व्हीए) धरा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का पाहा. दुसऱ्या मोडमध्ये लाईट गेल्यावर यायला 30-40 मिलिसेकंद लागतात, एसएमपीएस 16-17 धरतो, पीसी रिस्टार्ट होतो आणि माणूस कार्डाला शिव्या देतो. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी वेव्ह काही चांगल्या एसएमपीएसना सोसत नाही, हेही खरं. शुद्ध साइनवेव्ह घ्या.

आणि बाबांनो, रेंडर थेट एमपी4 मध्ये काढू नका. पीएनजी फ्रेम काढा. लाईट गेली तरी झालेल्या फ्रेम राहतात, पुढच्या नंबरापासून सुरू करता येतं. याला एक पैसा लागत नाही.

वणीचा_पोट्टा
हे पटलं. कुटाराच्या (भुशाच्या) धुळीचंही सांगा. सोयाबीन काढणीत हडंबा (मळणीयंत्र) घरामांगं चालला की फिल्टर एका दिवसात पिवळा होते. काचवाल्या पेटीत (कॅबिनेटमधी) समोरून हवाच जात नाही. जाळीवाली पेटी घ्या, आरजीबीच्या रंगीत लाईटींचा नाद सोडा.

चिमूरची_थ्रीडी
पीसी डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ओल आत जाते. मे महिन्यात मी कार्डाचं पॉवर लिमिट 75 टक्क्यांवर आणते. रेंडर थोडा लांबतो, तापमान बरंच उतरतं.

कार्डाबद्दल माझं मत विचाराल तर, माझ्या आतल्या खोल्यांचे सीन आठ जीबीत बसतात. बाहेरचं अंगण, झाडं, गवत आलं की बसत नाहीत. सिम्प्लिफाय केलेलं गवत गिऱ्हाईक लगेच ओळखतं.

टीम_60एफपीएस
ठीक आहे. एसएमपीएसची ओळ बदलतो, 550 ब्रॉन्झ करतो. प्रोटेक्टर आणि 1 केव्हीएचा यूपीएस वेगळ्या खर्चात लिहितो, म्हणजे पोराला आधीच कळेल. अर्थिंग तपासून मगच ऑर्डर दे, हेही टाकतो. पण कार्ड 5060च राहील. 2021 चं कार्ड मी कोणाला सुचवणार नाही.

पांढरकवड्याहून
राहू द्या तुमचं 5060. मग निदान ए520 काढा. तो पीसीआय (कार्ड आणि बोर्डामधला डेटाचा रस्ता) 3.0 देतो आणि 5060 ला त्याच्या आठच लेन आहेत. मेमरी भरून रॅममधून ओढायची वेळ आली की तिथेच गळा आवळला जाणार. बी550 बोर्ड टाका आणि रॅम 32 करा, पैसे एसएसडी 1 टीबीऐवजी 500 जीबी करून काढा.

टीम_60एफपीएस
बी550 मान्य. रॅमचे भाव पाहिलेत का हल्ली? 16 ची एकच काडी टाकतो, दुसरा स्लॉट रिकामा. पुढच्या कापसाला तो दुसरी घेईल.

पांढरकवड्याहून
एका काडीवर सिंगल चॅनल (रॅमकडे जाणारी एकच वाट) चालेल, राय्झनला ते सोसत नाही. गेममध्ये फ्रेम पडतील, आणि तुमचा तर सगळा भर गेमवर होता. चार स्लॉटचा बी550 घ्या, त्यात 8-8 च्या दोन टाका, पुढे अजून दोन.

टीम_60एफपीएस
चार स्लॉट भरले की रॅमचा स्पीड खाली येतो, हे मी आत्ताच लिहून ठेवतो. बोर्डाचे भाव पाहून उद्या यादी परत टाकतो.