ओआरएसची अख्खी पुडी एका पेल्यात घातली तर?

कलमवाला, देवगड
आंबा उतरवायचे शेवटचे दिवस. राखणीचा नेपाळी गडी दोन दिवस जुलाबांनी बेजार होता, म्हणून मेडिकलमधून ओआरएसच्या पुड्या आणल्या. "एवढं पाणी कोण पिणार?" म्हणून त्याने अख्खी पुडी एका पेल्यात ढवळली आणि गटागट प्याला. थोड्या वेळाने सगळं उलटून पडलं, जुलाबही वाढले. बायकोच्या मते पुडीच खराब. आई म्हणते, पेज द्या. घरात कोकमाचा आगळ आणि साखरेतलं सरबत दोन्ही आहे. त्यात नसलेलं पुडीत असं काय असतं? आणि उन्हात झाडावर चढणाऱ्यांनाही हेच द्यायचं का?

होडीवाला, हर्णै
आम्ही खोल समुद्रात जाताना खोक्यातलं फळांच्या चवीचं ओआरएस नेतो. पुडीपेक्षा पोरं आवडीने पितात.

निवृत्त सिस्टर, राजापूर
कलमवाले दादा, पुडी चांगली होती, पाणी कमी पडलं. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी 200 मिलीची. पाकिटावर लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण! लिटरभराचं मीठ-साखर पेल्यात आलं की आतडं अंगातलंच पाणी ओढून घेतं. मग जुलाब वाढणारच.

पुडीतली साखर चवीसाठी नसते. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यातसुद्धा ही वाट बंद होत नाही. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून माणसांना पाजलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांखाली आले. आमच्या ट्रेनिंगला ही गोष्ट सांगितली असती, तर पुड्या वाटताना आम्हीही कंटाळलो नसतो.

सरबतात साखर फार, त्याने हगवण वाढते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम थोडं. वर प्यायला चालेल, पुडीच्या जागी नाही. आईंची पेज मात्र खरंच उपयोगाची, मीठ घालून पातळ द्या. भाताच्या पिठूळपणाचंच पोटात ग्लुकोज होतं. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चिमटीने मोजू नका. चाखून बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. कालवलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग घोटघोट. लहान मूल असेल तर चमच्याने, आणि डॉक्टरांना विचारून झिंकच्या गोळ्याही. लघवी बंद झाली, शौचातून रक्त आलं, माणूस गुंगीत गेला, तर घरी पाजत बसू नका.

हर्णैचे दादा, तुमच्या खोक्यात साखर जास्त, मीठ कमी. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव लावायला मनाई केली.

झाडावरच्या गड्यांना आधी पाणी आणि सावली. धड जेवत असतील तर मीठ घातलेलं ताक, पेज पुरे. घामाने पायात गोळे आले तर पुडीचं पाणी द्या. पण अंग तापून माणूस असंबद्ध बडबडू लागला तर तोंडात काही ओतू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि गाडी काढा.

कलमवाला, देवगड
सिस्टर, आज लिटरची बाटली धुऊन त्यातच पुडी कालवली. संध्याकाळपर्यंत अर्धी संपली, दुपारी लघवीही झाली. आईने पेजेबरोबर लोणचं दिलंय, तेवढं मी काढून घेतलं. ती अजून रागावलेली आहे.