लाउडन काउंटीतल्या (व्हर्जिनिया) रस्त्याकडेच्या ऐतिहासिक पाट्या: मराठीत नोंदी कशा कराव्यात?

रानवाटा: लाउडनमध्ये मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यासाठी इथल्या रस्त्याकडेच्या करड्या पाट्यांची मराठी यादी करायला घेतली आहे. लढाया, चर्च, पहिले वसाहतकार असे तीन भाग केले आहेत. पाटीचं साल कसं ओळखायचं? मजकुरावर कितपत विसंबायचं?

ओतीव_अक्षर: आधी क्रमांक टिपा. व्हर्जिनियाची ही पाट्यांची योजना 1927 मध्ये यू.एस. 1 या रस्त्यावर सुरू झाली आणि सुरुवातीच्या काळात क्रमांकातलं अक्षर रस्त्यावरून ठरायचं: ई म्हणजे यू.एस. 1, एफ म्हणजे यू.एस. 15. झेड असेल तर ती काउंटीच्या हद्दीची पाटी. तिच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या काउंट्यांची माहिती असते, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या.

साल शोधायचं ते तळाच्या ओळीत. तिथे पाटी लावणाऱ्या खात्याचं नाव असतं आणि बहुधा सालही. ‘कन्झर्व्हेशन अँड डेव्हलपमेंट कमिशन’ असेल तर पाटी पहिल्या पिढीतली. ‘व्हर्जिनिया स्टेट लायब्ररी’ हे नाव 1950-60च्या सुमाराचं, त्यानंतर ‘हिस्टॉरिक लँडमार्क्स कमिशन’, आणि आताचं ‘डिपार्टमेंट ऑफ हिस्टॉरिक रिसोर्सेस’. हे साल पाटीचं असतं, घटनेचं नव्हे. यादीत दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा, नाहीतर नोंदी हमखास एकमेकींत मिसळतात.

जुन्या मजकुराकडे मात्र सावधपणे पाहा. 1920-30च्या पाट्यांत अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सेनापतींच्या हालचाली तपशिलाने येतात, गुलामगिरीत राबलेल्या माणसांचा उल्लेख क्वचित. त्यांच्या नोंदी पुढच्या काळातल्या पाट्यांवर जास्त सापडतात, त्यामुळे यादीत चौथा भाग हवाच.

मैलाचा_दगड: पाटी असते तिथेच घटना घडली असं धरू नका. गाडी थांबवायला जागा मिळेल तिथे पाटी उभी करतात आणि मजकुरात ‘इथून पूर्वेला एक मैल’ असं सांगतात. रस्ता वळवला, पाटी हलली, की ते अंतर चुकतं. म्हणून अक्षांश-रेखांश दोन जागांचे घ्या, पाटीचे आणि स्थळाचे. दशांशानंतर पाच आकडे पुरतात, तेवढ्यात साधारण एका मीटरपर्यंत अचूकता येते.

अक्षरं उठावाची असतात, त्यामुळे फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात घ्या. रंग उडालेली पाटीही तेव्हा वाचता येते. खडू घासू नका, रंग खरवडला जातो. आणि नकाशा छापलेले तिरपे रंगीत फलक दिसतील ते ‘सिव्हिल वॉर ट्रेल्स’चे असतात, त्यांना या यादीत घेऊ नका.

गनिमीकावा: भाषांतरात जास्त चुका होतात त्या नावांच्या. यादवी युद्धात ‘रेंजर्स’ नावाच्या तुकड्या दोन्ही बाजूंना होत्या. लाउडन रेंजर्स वॉटरफर्ड गावाच्या परिसरातले, उत्तरेच्या बाजूचे. मॉस्बी या अधिकाऱ्याचे रेंजर्स म्हणजे 43वी व्हर्जिनिया घोडदळ बटालियन, दक्षिणेची. त्यांच्या लढण्याला ‘गनिमी कावा’ हा शब्द चपखल बसतो. ऑल्डीजवळच्या माउंट झायन चर्चपाशी 6 जुलै 1864 रोजी त्यांची चकमक झाली, म्हणजे ही नोंद चर्च आणि लढाई अशा दोन्ही भागांत येईल.

ऑल्डी, मिडलबर्ग आणि अपरव्हिल या जून 1863च्या घोडदळाच्या लढाया एकत्र सांगतात, पण अपरव्हिल शेजारच्या फॉकीअर काउंटीत आहे. बॉल्स ब्लफच्या लढाईची तारीख 21 ऑक्टोबर 1861. तिथे मारला गेलेला उत्तरेचा कर्नल बेकर पदावर असलेला सिनेटर होता, हे नोंदीत यायला हवं.

जुन्या मजकुरात ‘वॉर बिटवीन द स्टेट्स’ दिसलं तर ते यादवी युद्धच. उत्तरेकडचे ज्या लढाईला बुल रन म्हणतात तीच दक्षिणेकडची मनॅसस.

रानवाटा: आणि वॉटरफर्डचे ‘फ्रेंड्स’?

गनिमीकावा: ‘मित्र’ लिहू नका, ते क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे लोक. 1733 च्या सुमारास एमॉस जॅनी या क्वेकराने ती वस्ती वसवली. त्यांच्या प्रार्थनास्थळाला चर्च न म्हणता ‘मीटिंग हाऊस’च लिहा. त्यांच्या कागदपत्रांत महिन्यांना नावं नसून क्रमांक असतात, आणि 1752 पूर्वी ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. पाटीवरची तारीख मूळ कागदाशी ताडताना दोन महिन्यांचा फरक पडला, तर आधी हेच तपासा.