तो पंप नाही, स्टॅम्प मिल आहे

अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटातल्या बंद खाणीपाशी दिसलेल्या, उभ्या लोखंडी दांड्यांच्या लाकडी सांगाड्याचा फोटो टाकून हे काय असं इथे विचारलंय, आणि दोघांनी त्याला पंप म्हटलंय. मला तरी फोटोत सरळसरळ स्टॅम्प मिल दिसतेय, म्हणजे सोन्याचा दगड कुटायचं यांत्रिक उखळ-मुसळ. वरच्या आडव्या दांड्यावर वाकडे कॅम दिसतात ना? ते फिरताना मुसळ उचलून सोडतात. एकेक मुसळ चारपाचशे किलोचं, आणि मिनिटाला साधारण शंभर घाव! खालची जाड ओतीव पेटी हे उखळ. तिच्यापुढे उतरता ओटा असेल तर त्यावर पारा लावलेले तांब्याचे पत्रे असायचे. भुकटीतलं सोनं त्या पाऱ्याला चिकटायचं. पारा विषारी, म्हणून तिथली माती हाताळू नका, मुलांना तर नकोच.

मुसळं मोजा. मोठ्या गिरणीत पाचपाचचे संच असत, एकट्यादुकट्याच्या खाणीत दोनच. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातली वॉल स्ट्रीट मिल अशीच दोन मुसळांची आहे, ताडून बघायला बरी. पेटीवर ओतीव अक्षरं असतात, तीही वाचा. 'जोशुआ हेंडी' किंवा 'युनियन आयर्न वर्क्स' या कारखान्यांचं नाव निघालं तर माल सॅन फ्रान्सिस्को परिसरातला.

शेजारचं दोन मोठ्या चाकांचं धूड बहुधा एक सिलिंडरचं गॅस किंवा पेट्रोल इंजिन. नावाची पट्टी गेली असली तरी ओतकामातले भाग क्रमांक राहतात, त्यांचे जवळून फोटो टाका. सुटा नटसुद्धा उचलू नका मात्र. जागा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असेल तर तो गुन्हा आहे.